स्वर्ग आहे की नाही, आणि बारा दिवसांचे विधी नेमके कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका कुटुंबातले वडील गेले. थोरल्या मुलाचे म्हणणे, सगळे यथासांग झाले नाही तर बाबांना स्वर्ग मिळणार नाही. मुलीचे म्हणणे, स्वर्ग ही निव्वळ कल्पना आहे, तो खर्च एखाद्या शाळेला द्यावा. धाकटी सून कॅथलिक आहे, तिला सासऱ्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे धर्मगुरूंनी चालवलेली उपासना, अर्पण करायची आहे. शेजारचे बौद्ध काका म्हणतात, पिंडदानाने कोणालाच काही पोहोचत नाही. या सगळ्यांत बरोबर कोण, आणि घराने करायचे काय?

‘स्वर्ग आहे का’ या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेले असतात. ती जागा आहे की अवस्था? तिथे गेलेला परत येतो की कायमचा राहतो? तिथे जाणे कशाने ठरते? आणि मागे राहिलेल्यांनी काही केले तर ते गेलेल्याला पोहोचते का? पहिल्या तिन्ही प्रश्नांवर विद्वान अडीच हजार वर्षे वाद घालत आले आहेत. घरातले भांडण मात्र जवळजवळ नेहमी चौथ्यावरून असते, आणि कोणाच्याच ते लक्षात येत नाही. म्हणून आधी प्रत्येक परंपरा या चौथ्या प्रश्नाला काय उत्तर देते ते पाहा. पुढचे निर्णय त्यामुळे बरेच सोपे होतात.

सुरुवात थोरल्या मुलाच्या समजुतीपासून करू. हिंदू परंपरेत स्वर्गाबद्दल एकच मत कधीच नव्हते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा मृत्यूची वाट सर्वांत आधी शोधून काढणारा आहे. गेलेला माणूस त्या वाटेने पितरांकडे जातो आणि त्यांच्यासोबत आनंदात राहतो. तिथे परत येण्याची भाषा नाही. ब्राह्मणग्रंथांत ‘पुनर्मृत्यू’ची भीती दिसू लागते, म्हणजे परलोकातही पुन्हा मरण येईल की काय ही शंका. छांदोग्य उपनिषदात त्याचे व्यवस्थित उत्तर येते. यज्ञ, दान करणारे पितृयाणाने, म्हणजे पितरांच्या वाटेने, चंद्रलोकी जातात, पुण्याचा साठा असेपर्यंत राहतात आणि पावसाच्या, धान्याच्या मार्गाने पुन्हा जन्माला येतात. ज्ञानी देवयानाने, देवांच्या वाटेने, जातात, त्यांना परतणे नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातले ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’ हे याच मताचे सर्वांना माहीत असलेले रूप. मुंडकोपनिषद आणखी कठोर आहे. ते यज्ञांना ‘अदृढ’ तराफे म्हणते, आणि त्यांवर विसंबणारे पुन्हापुन्हा जरामरणात पडतात असे सांगते.

महाभारताच्या वनपर्वातली मुद्गल ऋषींची कथा मला या विषयावर सर्वांत उपयोगी वाटते. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या या ऋषींना न्यायला देवदूत विमान घेऊन येतो. मुद्गल विचारतात, आधी तिथले गुण आणि दोष दोन्ही सांग. दूत प्रामाणिकपणे सांगतो: तिथे केलेल्या कर्माचे फळ भोगता येते, नवे पुण्य मिळवता येत नाही, आणि शेवट जवळ आला की गळ्यातल्या माळा कोमेजतात. मुद्गल विमान परत पाठवतात. म्हणजे स्वर्ग मानणाऱ्या ग्रंथातच स्वर्ग नाकारणारा माणूस आदर्श म्हणून उभा आहे.

वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे मीमांसक तर स्वर्गाला ठिकाणच मानत नाहीत. वेदात एखाद्या यज्ञाचे फळ सांगितलेले नसेल तर ते ‘स्वर्ग’ समजावे, कारण तो सर्वांना सारखाच हवा असतो, असे जैमिनींचे सूत्र आहे. भाष्यकार शबर स्वर्ग म्हणजे प्रीती, सुख, असा अर्थ लावतात. दुःख न मिसळलेले, मागाहून न हिरावले जाणारे, इच्छा होताच हाती येणारे सुख ते स्वर्ग, असा श्लोकही या परंपरेत प्रसिद्ध आहे. ‘स्वर्ग मनाची अवस्था आहे’ हे मत आधुनिक सुशिक्षितांनी शोधले असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. यज्ञाचा सगळ्यात कट्टर पुरस्कार करणाऱ्या शास्त्रातच ते आहे.

मराठी माणसावर याहून जास्त पगडा वारकरी संतांचा आहे. ज्ञानेश्वर स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला ‘पुण्यात्मक पाप’ म्हणतात. देवापर्यंत पोहोचवते तेच शुद्ध पुण्य, बाकीचे स्वर्गात अडकवते. तुकोबा म्हणतात, ‘स्वर्गीचे अमर इच्छिताती देवा । मृत्युलोकीं व्हावा जन्म आम्हां’. वैकुंठ मात्र वारकऱ्यासाठी निराळे आहे, तिथून परतणे नाही. म्हणून वारकरी घरात ‘स्वर्ग मिळावा’ असा आग्रह धरणे त्या घराच्याच परंपरेशी जुळत नाही.

मुलीच्या बाजूनेही इथलीच जुनी साक्ष आहे. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांचे श्लोक दिलेले आहेत: न स्वर्ग, न मोक्ष, न परलोकात जाणारा आत्मा. त्यातला एक युक्तिवाद ठाण्याच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना लगेच कळेल. खाली दान दिल्याने स्वर्गातला तृप्त होत असेल, तर गच्चीवर बसलेल्या माणसाला खाली वाढून का जेवू घालत नाही? हा हल्ला स्वर्गाच्या अस्तित्वावर जितका आहे त्याहून जास्त चौथ्या प्रश्नावर आहे.

आता विधी. इथे मोठा गैरसमज आहे आणि तो दूर झाला तर थोरल्याची भीती बरीच कमी होईल. बारा दिवसांच्या क्रियांची रचना स्वर्गात पाठवण्यासाठी नाही. ती ‘प्रेता’ला, म्हणजे अजून पितरांत न पोहोचलेल्या मृताला, पितर करण्यासाठी आहे. संकल्पात ‘उत्तमलोकप्राप्ती’ हे शब्द येतात, पण क्रियांचा सांगाडा पाहिला तर हेतू स्पष्ट होतो. पहिल्या दहा दिवसांचे दहा पिंड, रोज एक, हे गेलेल्याचा सूक्ष्म देह अवयवाअवयवाने तयार करण्यासाठी असतात. पहिल्याने मस्तक, अशा क्रमाने. हल्ली सगळे दहाही पिंड दहाव्याला एकदम देतात, तेही चालते. अकराव्याला त्या एकट्याला उद्देशून एकोद्दिष्ट श्राद्ध. बाराव्याला सपिंडीकरण, आणि हा सगळ्याचा गाभा आहे. चार पिंड करतात: एक लांबट, गेलेल्याचा, आणि तीन त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांचे. लांबट पिंडाचे तीन भाग करून ते तीन पिंडांत मिसळतात. तिथून पुढे तो ‘प्रेत’ राहत नाही, पितरांच्या रांगेत बसतो. तेराव्याला निधनशांत आणि गोड जेवण. स्वर्ग किंवा पुढचा जन्म हे शास्त्राप्रमाणे त्याच्या स्वतःच्या कर्माने ठरते. म्हणून एखादा विधी राहिला तर ‘बाबांचा स्वर्ग गेला’ असे म्हणायला आधारच नाही.

सपिंडीकरण मुळात वर्ष संपल्यावर करायचे असते. आयुष्याचा भरवसा नाही, कुळाचार अडतात, या कारणाने शास्त्रकारांनीच बारावा दिवस प्रशस्त ठरवला. म्हणजे सोयीसाठी विधी अलीकडे ओढणे हा परंपरेचाच भाग आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे सांगता येईल.

प्रत्यक्षात चुका ठरावीक ठिकाणी होतात. सर्वांत जास्त दिवस मोजण्यात. मृत्यूचा दिवस हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवसापासून मोजले की दहावा, बारावा सगळेच एकेक दिवस पुढे सरकते आणि गुरुजी, हॉल, नातेवाईक यांचा गोंधळ उडतो. मृत्यू मध्यरात्रीनंतर झाला असेल तर नेमकी वेळ गुरुजींना सांगा. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून धरतात आणि रात्रीच्या कोणत्या भागापर्यंत आदला दिवस मानायचा यावर मतभेद आहेत. दुसरी अडचण नावांची. गेलेल्याच्या वडील, आजोबा, पणजोबांची नावे आणि गोत्र आधीच कागदावर लिहून ठेवा. पणजोबांचे नाव माहीत नसेल तर विधी अडत नाही. नावे अज्ञात असताना वडिलांसाठी पृथिवीषत्, आजोबांसाठी अंतरिक्षसत्, पणजोबांसाठी दिविषत् असा उच्चार करण्याची सोय आहे, आणि गोत्र माहीत नसेल तर काश्यप. गेलेल्याचे वडील हयात असतील तर तेही आधी सांगा, कारण मग पिंड कोणाच्या नावाने मिसळायचे ते बदलते.

दहाव्याचा कावळा हा सर्वांत त्रासाचा विषय. कावळा शिवला नाही म्हणून माणसे उन्हात तासन्‌तास उभी राहतात, गेलेल्याची कोणती इच्छा राहिली यावर तर्क करतात, एकमेकांना दोष देतात. घाटावर रोज इतके पिंड ठेवले जातात की कावळ्यांची पोटे भरलेली असतात. दुपारी तर ते फिरकतही नाहीत. सकाळी लवकर पिंड ठेवा. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात, आणि एवढ्यावर विधी पूर्ण होतो. त्यावरून कोणाच्याही अतृप्त इच्छेचा निष्कर्ष काढू नका. या एका गोष्टीने मी घरे दुखावलेली पाहिली आहेत, म्हणून जोर देऊन सांगतो.

पिंड, राख, निर्माल्य मासुंदा किंवा ठाण्याच्या इतर तलावांत टाकू नका. ते बंद पाणी आहे. श्राद्धाचे पिंड गाईला घालणे हा मनुस्मृतीने दिलेला पर्याय आहे. अस्थी अनेक ठाणेकर नाशिकला रामकुंडात नेतात. जमत नसेल तर वाहते पाणी पुरते.

आता शेजारच्या काकांकडे. त्यांचे म्हणणे दोन पायऱ्यांवर समजून घ्यावे लागते. जुन्या पाली परंपरेत स्वर्ग आहेत, एकावर एक बरेच, तावतिंस हा त्यांतला तेहतीस देवांचा. पण ते सगळे अनित्य. निब्बाण, म्हणजे निर्वाण, त्यांच्या पलीकडे. श्राद्ध पोहोचते का, हा प्रश्न जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना थेट विचारल्याचे अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे. उत्तर असे की गेलेला प्रेतयोनीत असेल तरच पोहोचते, इतरत्र जन्मला असेल तर नाही. देणाऱ्याचे पुण्य मात्र वाया जात नाही. दुसरी पायरी डॉ. आंबेडकरांची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ‘मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही’ ही प्रतिज्ञा आहे. त्यांच्या मांडणीत अमर आत्मा आणि परलोकातला स्वर्ग यांना जागा नाही. आपल्याकडच्या बौद्ध घरांत त्रिशरण, पंचशील, जलदान आणि पुण्यानुमोदन होते, ते जिवंतांच्या मनासाठी आणि स्मरणासाठी. काकांनी तुमच्या पिंडदानाला बसावे असा आग्रह धरू नका. त्यांच्यासाठी ती प्रतिज्ञा आहे, हट्ट नाही.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींचे मोठे जैन मंदिर आहे. जैनांचे स्वर्ग मोजलेले आहेत: कल्पस्वर्ग श्वेतांबरांत १२, दिगंबरांत १६, त्यांवर ९ ग्रैवेयक आणि ५ अनुत्तर विमाने. तिथले कमाल आयुष्य ३३ सागरोपम, म्हणजे मोजता न येण्याइतका प्रचंड काळ. तरीही देवाला मोक्ष नाही, त्यासाठी माणसाचा जन्मच लागतो. आणि देह सोडल्यावर जीव काही ‘समयांत’, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी काळात, नव्या जन्मात जातो. मग दहा दिवस पिंडांनी कोणाचा देह घडवायचा? म्हणून तिथे पिंडदान बसतच नाही.

त्याच भागात १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायली ज्यूंचे सिनेगॉग आहे, शआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचे द्वार. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात मृत्यूनंतरच्या स्वर्गाचे वर्णन जवळजवळ नाहीच. ‘येणारे जग’ ही कल्पना नंतरच्या रब्बींनी विस्ताराने मांडली. मुलगा वडिलांसाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणतो, त्याला दहा प्रौढांचा समुदाय लागतो. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ देवाची स्तुती आहे. ती ११ महिने म्हणतात, कारण दुष्टांचा न्याय १२ महिने चालतो अशी समजूत आहे, आणि पूर्ण १२ महिने म्हटले तर आपल्याच वडिलांना दुष्ट ठरवल्यासारखे होईल. पारशी श्रद्धेत चौथ्या दिवसाच्या पहाटे आत्मा चिन्वत पुलावर, म्हणजे जिथे त्याचा न्याय होतो तिथे, पोहोचतो. तोपर्यंतच्या प्रार्थनांना म्हणून सर्वाधिक महत्त्व.

मुंब्रा, राबोडी या भागांतल्या मुस्लिम घरांत चौथ्या प्रश्नावर आपापसांतच मतभेद आहेत. मृत्यूनंतर बरज़ख ही मधली अवस्था, कयामतीला न्याय, मग जन्नत किंवा जहन्नम, इथपर्यंत एकमत. माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून: चालू राहणारे दान, उपयोगी ज्ञान आणि दुआ करणारे नेक अपत्य, ही हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, तीही सर्वमान्य. पण कुराण वाचून, जेवण घालून त्याचे पुण्य मृताला बक्षणे, तीजा (तिसरा दिवस) आणि चाळिसावा करणे हे बरेलवी पंथाचे लोक करतात. अहले हदीस आणि देवबंदी पंथांतले अनेक जण ठरावीक दिवस पाळण्याला नवीन भर म्हणून नाकारतात. या घरांत भेटायला जाताना ‘तेराव्याला येतो’ असे गृहीत धरू नका. शोक साधारण तीन दिवस असतो, आणि पत्नीची इद्दत, म्हणजे विधवेने पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस.

सुनेची बाजू तुमच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती नीट सांगतो. कॅथलिक शिकवणीत स्वर्ग कायमचा आहे. तो ढगांतला प्रदेश नसून देवाशी जिवंत नाते आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये सांगितले. स्वर्गाच्या आधी शुद्धीची अवस्था असू शकते, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्यासाठीच. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ ही मधली अवस्था मानत नाहीत, म्हणून मृतासाठी प्रार्थनाही करत नाहीत. सासरे बाप्तिस्मा झालेले नव्हते, मग मिस्सा चालेल का? चालेल. चर्चच्या नियमसंहितेप्रमाणे जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. ख्रिस्ती नसलेला पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणारा तारण पावू शकतो, हे १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात आहे. तिने जवळच्या चर्चमध्ये धर्मगुरूंशी बोलून दिवस ठरवावा. पिंडदानाच्या वेळी ती शेजारी बसू शकते. पिंड स्वतः देण्याची सक्ती करू नका.

आता चौथ्या प्रश्नावर सगळे एका ओळीत ठेवा. थोरला म्हणतो पोहोचते, सून म्हणते पोहोचते, काका आणि मुलगी म्हणतात पोहोचत नाही. पण कोणाच्याही परंपरेत एकाने केलेल्या विधीने दुसऱ्याच्या विधीचे फळ बुडते असे सांगितलेले नाही. म्हणून निर्णय या क्रमाने घ्या. पहिल्याच दिवशी बसून वडिलांनी स्वतः काय सांगितले होते ते विचारा. लिहिलेले असेल तर ते शेवटचे. सांगितले नसेल तर ज्याची श्रद्धा आहे त्याने आपल्या खर्चाने, आपल्या हाताने सपिंडीपर्यंतचे करावे. मुलीनेही अग्नी वा पिंड द्यायला आता बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहीत, हवे असेल तर आधीच विचारून घ्या. तेराव्याच्या जेवणावर किती माणसे, हे लगेच ठरवा. खर्च वाढतो तो तिथेच, आणि त्या आकड्याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. त्यातून वाचलेले मुलीने म्हटले तसे शाळेला द्यावे. श्राद्धात दानाला जागा आहेच.

नेत्रदान आणि देहदान यांवरून स्वर्गाचा प्रश्न हमखास निघतो. ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा’ याला धर्मशास्त्रात आधार नाही. हा निर्णय मात्र लगेच घ्यावा लागतो: नेत्रपटल साधारण सहा तासांत काढावे लागते, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोके उशीवर थोडे उंच ठेवा. देहदान केले तर अंत्यसंस्कार कशावर करायचे? देह सापडत नाही अशा प्रसंगासाठी शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० पानांच्या देठांची आणि दर्भाची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात आणि पुढचे सगळे नेहमीप्रमाणे. म्हणजे देह हातात नसला तरी क्रिया होते, हे परंपरेने फार पूर्वी मान्य केलेले आहे.

वर्तमानपत्रात किंवा सोसायटीच्या फलकावर काय लिहावे, हेही विचारले जाते. ‘कै.’ आणि ‘स्वर्गीय’ हिंदू घरांत रूढ आहेत, वारकरी ‘वै.’ लिहितात, बौद्ध ‘कालकथित’. घरात एकमत नसेल तर ‘दिवंगत’ लिहा, त्याला सहसा कोणाची हरकत नसते.

लहान नातवंडे ‘आजोबा स्वर्गात गेले का’ असे विचारतील. ‘झोपले आहेत’ किंवा ‘लांब गावाला गेले’ असे सांगू नका. मूल झोपायला घाबरते किंवा वाट पाहत बसते. आधी शरीराबद्दल खरे सांगा: शरीर थांबले, आता दुखत नाही, ते परत येणार नाहीत. मग घरात कोण काय मानते ते माणसाच्या नावाने सांगा. बाबांना वाटते आजोबा पितरांत गेले, काकूंना वाटते ते देवाजवळ आहेत, आत्याला वाटते ते आपल्या आठवणीत आहेत. मुलांना वेगवेगळी उत्तरे झेपतात. मोठ्यांनी एकमेकांना खोटे ठरवलेले मात्र त्यांना झेपत नाही.

शेवटी तारखांचे. वर्षश्राद्ध तिथीने असते, इंग्रजी तारखेने नाही, म्हणून ते दर वर्षी मागेपुढे होते. मध्ये अधिक महिना येत असेल तर गुरुजींना आत्ताच विचारून नोंद करून ठेवा. सूनबाईंची मिस्सा वार्षिक असेल तर ती तारखेने येईल. दोन्ही दिवस घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दोन्ही दिवशी सगळ्यांना बोलवा.